धाकट्यानं बांधलेलं बाथरूम

आमच्या घरातलं बाथरूम माझ्या दिरानं बांधून दिलं, असं वडनेरात कोणीही सांगेल. माझा दीर पुण्यात असतो. बाथरूमचं काम चाललं होतं तेव्हा तो इकडे फिरकला नव्हता आणि त्यात त्याचा एक रुपयाही नव्हता. ते मी बांधलं. हे माहीत असलेली माणसं तीनच होती, मी, माझा नवरा आणि मिस्त्री. मिस्त्री कोणाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात बोलणारा नव्हता.

आमच्या घराच्या मागे अंगण आहे. त्याच्या एका टोकाला न्हाणी होती आणि दुसऱ्या टोकाला संडास. न्हाणी म्हणजे तीन बाजूंना विटांच्या उघड्या भिंती, वर टिनाचा पत्रा, खाली काळी फरशी. लग्न होऊन आले तेव्हापासून ती तशीच होती. फरशीच्या सांध्यात शेवाळ धरायचं. दर रविवारी मी ते खराट्यानं घासून काढायची आणि पुढच्या रविवारपर्यंत ते परत यायचं. एखाद्या दिवशी इथं कोणीतरी पडेल, असं मी नवऱ्याला कितीदा तरी म्हटलं असेल. ते 'पाहू' म्हणायचे. ते हिंगणघाटला एका बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेऊन घरी आल्यावर त्यांच्यात तेवढा एकच शब्द शिल्लक राहायचा.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी हिंगणघाटच्या एका खाजगी शाळेत शिकवते, विनाअनुदानित शाळा आहे, पगार सांगण्यासारखा नाही. सकाळच्या बसच्या घाईत डबा भरत होते तेव्हा मागून बादली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बादलीच पडली. मी पोळ्या गुंडाळल्या, भाजीच्या डब्याचं झाकण लावलं, पाण्याची बाटली भरली. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग मागे गेले तर सासूबाई फरशीवर एका कुशीवर पडलेल्या होत्या, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. डोळे उघडे होते. त्या शुद्धीवर होत्या आणि गप्प होत्या.

नंतर मी विचारलं, हाक काऊन नाही मारली. त्या म्हणाल्या, अंगावर लुगडं नव्हतं आणि शेजारचा माणूस गच्चीवर उभा होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं. घरी सोडताना तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की यांनी आता कधीच उकिडवं बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही, अंगण ओलांडून संडासला जायचं नाही. उंच कमोड लागेल, धरायला दांडा लागेल, पाय न घसरेल अशी फरशी लागेल. मी सगळं वहीत लिहून घेतलं. नवरा औषधं आणायला गेला होता.

दीर दोन दिवसांसाठी आला होता. विमानानं नागपूर आणि तिथून गाडी करून थेट सेवाग्राम. आईच्या उशाशी बसून त्यानं संत्री सोलली, फोडीतल्या बिया काढून एकेक फोड तिच्या तोंडात घातली. जाताना, काही लागलं तर सांग दादा, असं म्हणून गेला. मी तिथंच होते, मी ऐकलं. माझ्या नवऱ्यानं त्या आधीच्या नऊ रात्री वॉर्डाबाहेरच्या फरशीवर सतरंजी टाकून काढल्या होत्या. सासूबाई पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, पोरगा विमानानं आला माह्यासाठी.

घरी आणल्यावर आम्ही एका जुन्या खुर्चीची बैठक कापून भोक पाडलं आणि तिच्याखाली बादली ठेवली. ती बादली सकाळी बसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी रिकामी करायची. खुर्चीवर बसवलं की सासूबाई तोंड भिंतीकडे वळवायच्या. एरवी त्या मला 'सूनबाई' म्हणून हाक मारायच्या. त्या दिवसांत कोणत्याच नावानं मारत नसत, नुसत्या खाकरायच्या. एवढ्या मानी बाईला आयुष्यात जे कधी करावं लागलं नव्हतं ते माझ्यासमोर करावं लागत होतं, आणि त्याचा राग कोणावर काढायचा तर मी होतेच.

त्यांच्या खोलीला लागूनच बाथरूम बांधायचं, भिंत फोडून मधूनच दार काढायचं, हे मी ठरवलं. पाइप मागच्या संडासच्या टाक्यात नेऊन सोडता आला असता. नवऱ्याला म्हटलं, भाऊजींना विचारा. ते म्हणाले, बोलतो. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचंही घराचं कर्ज चालू हाय. पाहू." मी याचा अर्थ असा घेतला, की त्यांनी विचारलं आणि धाकट्यानं नाही म्हटलं. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला.

शाळेत आम्हा बायांची भिशी आहे. जानेवारीत माझा नंबर होता. त्या पैशात मी स्कूटी घेणार होते. शाळा सुटल्यावर बससाठी तासभर फाट्यावर उभं राहायचं, बस आली तरी थांबेलच असं नाही, हे मी अकरा वर्षं केलं होतं. शोरूममध्ये जाऊन रंगही पाहून ठेवला होता. जानेवारीत पैसे हातात आले आणि त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, मिस्त्रीला बोलवा. ते 'बरं' म्हणाले.

मिस्त्री साठीचा, हडकुळा, कमी बोलणारा होता. जागा पाहून, पावलं टाकून त्यानं स्पष्ट सांगितलं, की एवढ्या पैशात भिंती, पाइप आणि दार होईल. टाइल्स, भांडं, नळ यांचं तुम्ही पाहा. मग मी ते पाहायला लागले. हिंगणघाटच्या एका टाइल्सच्या दुकानामागे गोडाऊन होतं, त्यात लोकांच्या घरांतून उरून परत आलेला माल पडलेला असायचा. शाळा सुटली की मी तिथं जाऊन धुळीत बसायची. चार तऱ्हेच्या टाइल्स जमवल्या. हिरव्या ठिपक्यांच्या, राखाडी, फुलं असलेल्या पिवळट आणि अगदी थोड्या निळ्या. खाली घालायच्या खरबरीत टाइल्स तेवढ्या नव्या घेतल्या, कारण मिस्त्री म्हणाला होता, "भितीले काईही लावा बाई, पण खाली कंजूसी करू नका. पडते माणूस खाली, भितीवर नाई पडत."

कमोड हायवेवरच्या एका लॉजचं आहे. रस्ता रुंद होत होता म्हणून ते लॉज पाडत होते. तिथल्या मुकादमाला भेटून, चारपैकी बिनतड्याचं एक निवडून, ते मी ऑटोत घालून आणलं. ऑटोवाल्यानं मागच्या सीटवर ते उभं ठेवलं आणि मी त्याला कवटाळून त्याच्या शेजारी बसले. वाटेत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दिसली. तिनं नमस्कार केला. मी कमोडवरचा एक हात काढून नमस्कार केला. घरी आणून त्याला दोनदा अ‍ॅसिडनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, चार दिवस उन्हात ठेवलं. धरायचा दांडा फॅब्रिकेशनवाल्याकडच्या जिन्याच्या उरलेल्या पाइपातून करून घेतला.

रविवारी आणि सुटीच्या दिवशी रेजाची, म्हणजे माल वाहणाऱ्या बाईची, मजुरी वाचावी म्हणून मीच हाताखाली राहायची. वाळू चाळली, घमेली उचलली, विटा दिल्या. सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं. टाइल्सचे सांधे भरायचं काम तर मिस्त्रीनं मला दाखवून दिलं आणि पूर्ण मीच केलं, गुडघ्यावर बसून, बोटानं व्हाइट सिमेंट दाबत. बोटांना भेगा पडल्या. सोमवारी शाळेत खडू धरला की त्या भेगांत खडूची भुकटी जायची आणि झोंबायचं. मी मुलांना म्हणायची, आज पाठ वाचू, फळ्यावर लिहायचं उद्या.

खालच्या टाइल्स बसल्यावर मिस्त्रीनं एक बादली पाणी ओतलं आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पाणी जाळीकडे गेलं, पण एका कोपऱ्यात ओंजळभर थांबलं. मी म्हटलं, एवढंसं तर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्यानं तो कोपरा उखडला, ढाळ नीट केला आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही. त्या सगळ्या कामात मला कोणी काही दिलं असेल तर त्यानं, तो एक दिवस.

होळीच्या सुमारास बाथरूम झालं. दिसायला ते चार घरांचे तुकडे जोडल्यासारखं होतं. पण पाय घसरत नव्हता, पाणी साचत नव्हतं, दांडा दोन माणसं लोंबकळली तरी हलला नसता. मी दार उघडून सासूबाईंना दाखवलं. त्या वॉकर धरून उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, आत पाहिलं आणि परत फिरल्या.

म्हणाल्या, ते लॉजवरचं भांडं आहे, त्याच्यावर कोण कोण बसलं असेल, मी बसणार नाही. शिवाय एवढा खर्च करायला कोणी सांगितलं होतं. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. नवं बाथरूम कोरडं पडलेलं, आणि त्याच्या दाराशी ती कापलेली खुर्ची आणि तिच्याखालची बादली. असे नऊ दिवस गेले. नऊही दिवस ती बादली मीच उचलली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तर आतून पाण्याचा आवाज येत होता. नवरा बाथरूमच्या बाहेर उभा होता आणि हसत होता. थोड्या वेळानं दार उघडलं. सासूबाई दांडा धरून एकेक पाऊल टाकत बाहेर आल्या. चेहरा धुतलेला, मोकळा. म्हणाल्या, "चांगलं केलं पोरानं."

पोरानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं, असंच मला वाटलं. तेवढ्यानंही मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकू बाथरूम पाहायला आली आणि तिच्या तोंडून मला कळलं, की हे धाकट्यानं बांधून दिलं. स्वयंपाकघरात मी नवऱ्याला विचारलं. ते नळाखाली हात धूत होते. हात धूतच म्हणाले, "मीच सांगतलं तिले, का धाकट्यानं पैसे पाठवले म्हणून. ऐकूनच नाई राह्यली होती. आता गेली ना? आपलं काम झालं का नाई?"

आणि फोनवर आईनं त्याचे आभार मानले तर, असं मी विचारलं. त्याचीही व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. धाकट्यानं हे बायकोपासून लपवून केलं आहे, म्हणून फोनवर याचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी आईला बजावलं होतं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी हसले. बादली सुटली होती. मला त्यात नवऱ्याची हुशारी दिसली. पुण्यातल्या जावेला उगाच वाईट ठरवलं, हेही मनात आलं, पण ते मी मनावर घेतलं नाही. ती कुठे इथं होती.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी साडेसहाला मी सासूबाईंना स्टुलावर बसवायची, पाणी घालायची, पाठ चोळायची. आणि त्या दांड्यावर हात ठेवून बोलायच्या. कसा समजदार आहे, दूर राहून कसं आईचं दुखणं ओळखलं, बायकोच्या धाकात असूनही कसं जमवलं. कोणीही घरी आलं की बाथरूम दाखवायचं आणि मग आवाज खाली आणून सांगायचं, की कोणाजवळ बोलू नका, पुण्याच्या सुनेला माहीत नाही. अशा रीतीनं ते सगळ्या गावाला माहीत झालं. रविवारी त्याचा फोन आला की त्या वेगळ्याच सुरात म्हणायच्या, लई करतं बाप्पा तू माह्यासाठी. आणि पलीकडून तो म्हणायचा, मी काय करतो आई, दादा-वहिनीच करतात. फोन स्पीकरवर असायचा. सासूबाई माझ्याकडे पाहून मान हलवायच्या, म्हणजे पाहा, कसा बोलतो.

मला वाटायचं, तो साळसूदपणे बोलतो आहे. रोज सकाळी पाणी घालताना मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या आहेत. आता ते लिहिताना बरं वाटत नाही.

असं वर्ष गेलं. एका सकाळी फ्लशची टाकी बिघडली. मी बादलीनं पाणी ओतत होते आणि शाळेला उशीर होत होता. सासूबाई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या, की धाकट्याला सांगते, तोच करेल, तुमच्या दोघांच्यानं काही होत नाही. त्याच सुरात त्या रोज बोलायच्या. मी बादली खाली ठेवली.

"आई, हे मी बांधलं. माह्या भिशीच्या पैशानं. भाऊजीनं काईच नाई देल्लं."

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या विचार करताहेत.

"इतकं खोटं नको बोलू सूनबाई," त्या म्हणाल्या. "मरणाच्या दारात बसेल बाईजवळ तरी नको बोलू."

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्या पलंगावर वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. त्यांनी विचारलं, बाथरूमचे पैसे कोणाचे, माह्या गळ्याची शपथ घेऊन सांग.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला बरोबर कळलं. ते माझी परवानगी मागत होते. मी मान हलवली नाही. होही नाही आणि नाहीही नाही. मी फक्त थांबले.

"धाकट्याचेच हायत आई," ते म्हणाले. मग, मला सांभाळून घेतल्यासारखं, "हिनं गंमत केली असन."

मी चहा टेबलावर ठेवला आणि पोळ्या करायला गेले.

पुढचे आठ दिवस सासूबाईंनी मला अंगाला हात लावू दिला नाही. काकूला बोलावून घ्यायच्या. काकू बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, की म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, कशाला उगाच मी केलं, मी केलं करायचं. तिलाही आता सगळं माहीत झालं होतं, म्हणजे सुनेला दिराचं श्रेय पाहिजे होतं, असं. नवव्या दिवशी काकू लेकीकडे गेली. सकाळी साडेसहाला सासूबाई दाराशी वॉकर घेऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "चल." मला माफ केलं होतं.

नवऱ्याशी मी बोलणं टाकलं. तेही फार दिवस जमलं नाही. सिलिंडर संपतो, बस चुकते, कोणीतरी आजारी पडतं, आणि एका घरात राहणाऱ्या माणसांना बोलावंच लागतं. पण त्या संध्याकाळनंतर मी त्यांना कामाचंच बोलले.

सासूबाई पुढच्या पोळ्याच्या आधी गेल्या. दुपारी जेवून झोपल्या त्या उठल्या नाहीत. त्या सकाळीही आंघोळ मीच घातली होती. पाठीवर पाणी घालताना त्या म्हणाल्या होत्या, तुहे हात गरम हायत. त्यांनी माझ्याबद्दल चांगलं म्हटलेलं, आठवावं असं, माझ्याजवळ तेवढंच आहे.

तेरवीला घर भरलं होतं. दीर, त्याची बायको, सासूबाईंची नागपूरची बहीण, चुलत घरची माणसं. अंगणात पंगत बसली होती आणि मी वरण वाढत होते. मावशी बाथरूममधून हात धुऊन आल्या आणि पंगतीच्या मध्ये उभ्या राहून दिराला म्हणाल्या, की तुझ्या आईची शेवटची दोन वर्षं तुझ्यामुळे सुखाची गेली, बाबू.

त्याला कळलं नाही. मावशींनी बाथरूमकडे हात केला.

"मी नाही बांधलं ते," तो म्हणाला. "मावशी, मी एक पैसा नाही दिला त्यात."

पंगतीत सगळे हसले. मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे. तुह्या मायनं सांगतलं होतं, का तो कबूल करणार नाई म्हणून." असं म्हणून त्यांनी त्याच्या बायकोकडे एक नजर टाकली. ती ताकाचे ग्लास ठेवत होती. चुलत सासरे म्हणाले, याला म्हणतात मुलगा, केलेलं बोलून दाखवत नाही. दिरानं पुन्हा सांगितलं, खरंच नाही दिले. जितकं तो नाही म्हणाला तितका तो त्यांच्या डोळ्यांत मोठा होत गेला.

मग त्यानं भावाकडे पाहिलं. माझा नवरा खाली वाकून कोणाची तरी सरकलेली पत्रावळ सरळ करत होता. आणि मग दिरानं माझ्याकडे पाहिलं. मी वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेले. लोक म्हणतील, तेव्हा तरी बोलायचं होतं. पण ज्याच्या शब्दावर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास होता तोच खरं सांगत होता आणि ते खरं मानत नव्हते. माझं कोण मानणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला. खाली मान घालून विचारलं, "वहिनी, ते तुम्ही केलं ना?"

मी हो म्हटलं.

त्यानं सांगितलं, की आई घरी आल्यावर त्यानं दोनदा फोन करून दादाला विचारलं होतं, किती पाठवू म्हणून. दादा म्हणाला होता, काही नको, सगळं झालं. म्हणजे दोन वर्षं मी ज्याच्यावर दात खाल्ले त्याच्यापर्यंत गोष्ट कधी पोचलीच नव्हती. तो म्हणाला, आता पाठवतो. मी नको म्हटलं. तो तिथंच उभा राहिला. मला त्याच्याशी बोलायला दोन चांगले शब्द सापडले नाहीत. राग गेला होता, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

त्याच्या बायकोनं रात्रीपासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आपल्या नवऱ्यानं आपल्यापासून लपवून पैसे पाठवले, आणि सगळ्या नातेवाइकांत आपणच कैदाशीण ठरलो, एवढं तिला कळलं होतं. त्यानं नाही म्हणून उपयोग नव्हता, तो कबूल करणार नाही हे तर ती पंगतीतच ऐकून चुकली होती. दुपारी नागपूरला जायची गाडी आली. दोघं मागच्या सीटवर बसले आणि दोन खिडक्यांतून दोन बाजूंना पाहू लागले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी नवरा अंगणात बाजेवर बसला होता. घरात आम्ही दोघंच होतो. मी समोर खुर्ची टाकून बसले.

"भाऊजीनं इचारलं होतं तुमाले," मी म्हटलं.

"हो."

"मग नाई काऊन म्हटलं?"

ते म्हणाले, "त्याचं घेतलं असतं तर ते त्याचंच झालं असतं ना. आईनं जनमभर त्याचंच नाव घेतलं असतं."

हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी हसल्यासारखं केलं. मी म्हटलं, आणि मग तुम्हीच त्याचं करून टाकलं.

"तिले माह्या हातचं कधी गोड लागलं नाई," ते म्हणाले. "लहानपणापासून. मी आणलं का त्यात खोट निघे. मले माहीत होतं, त्याचं नाव घेतलं का ती बसन त्याच्यावर. नऊ दिवस पाह्यलं मी. दहाव्या दिवशी घेतलं त्याचं नाव."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला. वॉर्डाबाहेरच्या फरशीवर झोपलेला माणूस आणि संत्र्याच्या फोडी भरवणारा माणूस, दोघंही मी पाहिले होते. आपल्या आईला कोणता आवडतो हे आयुष्यभर माहीत असलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते मला कळत होतं. कळूनही आतून काही हललं नाही.

"तर मग तुमचं द्यायचं होतं," मी म्हटलं. "माहं काऊन देल्लं?"

ते म्हणाले, "तुहं-माहं असं मी कधी धरलंच नाई आपल्यात."

ऐकायला हे वाक्य चांगलं आहे. मी ते बऱ्याच घरांत ऐकलं आहे, आणि ज्याचं काही गेलेलं नसतं तोच ते बोलतो.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून फोन काढला. मावशीला लावून खरं काय ते सांगू का, असं विचारलं. त्या सगळ्यांना सांगतील म्हणाले. अंगठा नंबरावर ठेवून ते वाट पाहत होते.

मी विचार केला. जिला कळायला हवं होतं ती गेली होती. आणि मावशींना वाटलं असतं, की म्हातारी जाऊन महिना झाला नाही तर सुनेनं नवऱ्याला फोन लावायला लावला. मी तेच म्हटलं, "नका लावू. त्याईले वाटन मीच सांगाले लावलं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये सुटका होती. मला ती ऐकू आली, आणि मला ऐकू आली हे त्यांनाही कळलं. मग ते उठून दुकानाच्या कामाचं काहीतरी बोलू लागले, आणि मी, किती वाजता निघायचं आहे, असं विचारलं.